पिवळ्या तारेवरचा भार

५ मार्च ८७, गुरुवार

आमच्या सदरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये हार्ड डिस्क बसली! वीस मेगाबाइट. पुण्याचा इंजिनीअर पुढच्या महिन्यात येतो म्हणाला होता. साहेबांनी मला विचारलं, "दिलीप, तुझ्याने होईल का बे?" म्हटलं, होते ना साहेब, त्यात काय. दोनला झाकण उघडलं, साडेचारला मशीन चालू. सा. नी नारळ फोडला तो टेबलाच्या कडेवरच. पाणी कीबोर्डवर जाणार तेवढ्यात सुनंदा रामटेकेने मध्ये फाइल धरली. ही आमची दुपारची ऑपरेटर.

वीज पुरवणाऱ्या डब्याचं गणित मीच केलं. डब्यावर मोठ्या अक्षरात ६५ वॅट. बोर्ड, दोन फ्लॉपी, पंखा आणि ही नवी हा. डि. सगळं धरून पन्नासच्या आत-बाहेर. पंधरा शिल्लक. पुण्याच्या माणसाने मोठा डबा मागवा म्हणून लिहिलं होतं, तो मे महिन्याच्या आधी येत नाही. सा. ना सांगितलं, काही गरज नाही. सा. खूश. सगळ्यांना आलुबोंडे. माझ्या पाठीवर थाप.

मंजूला घरी येऊन सगळं सांगितलं. "हाव, हाव, मोठे इंजिनीअर," म्हणाली. बायकोला कौतुक नाही.

९ मार्च

मोठं काम आलं. रामदासपेठेतल्या शिक्षणसंस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा, जिल्हाभरातल्या मुलांचे गुण भरायचे. सकाळी प्रकाश, दुपारी सुनंदाबाई. सा. चा नियम: जायच्या आधी आपापलं काम फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं. प्र. म्हणतो, एवढी मोठी डिस्क कायले आणली मंग? आणि चपला घालून मोकळा होतो. सुनंदाबाई तासातासाला उतरवते, फ्लॉपीवर पेन्सिलने तारीख, वेळ. फ्लॉपीवर पेनने लिहू नये हे तिलाच एकटीला पाठ आहे.

सुनंदाबाई दोन वर्षं रोजंदारीवर आहे. १ एप्रिलला कायम करतो, असं सा. नी तोंडी सांगितलंय. घरात ऑफिसात बसणारी पहिलीच. आज पेढे आत्ताच देऊ का म्हणून विचारत होती, मी म्हटलं कागद हातात येऊ द्या.

१२ मार्च

दुपारी सुनंदाबाई: "दिलीपभाऊ, फ्लॉपी फिराले लागली का मोठ्या डिस्कचा आवाज बसते. आयका बरं."

मी वायरिंगमध्ये होतो. आवाज ऐकलाच नाही. म्हटलं, "बाई, तुम्ही कीबोर्ड पाहा. आवाज माझ्याकडे ठेवा." प्र. निघत होता, तो फिदीफिदी हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१८ मार्च, बुधवार

घोळ. रामटेक केंद्राच्या छापील यादीत मधली पानभर मुलं गायब. त्यांच्या जागी चौकोन, टिंबं, काहीबाही. खाली एका शाळेची नावं, गुण दुसऱ्याच शाळेचे. यादी तशीच संस्थेत गेली होती. तिथून फोन. सा. चा चेहरा पाहण्यासारखा.

सुनंदाबाईने तिच्या फ्लॉपीवरून परत चढवून पाहिलं. फ्लॉपीवरही तेच चौकोन.

२० मार्च

आज काटोलच्या यादीत तेच. परवा भरलेलं. तेही दुपारचंच.

२४ मार्च

सा. नी सगळ्या चुका एका कागदावर मांडल्या. सात. सातही सुनंदाबाईच्या पाळीतल्या. प्र. ची एकही नाही. प्र. बशीत ओतून चहा पीत होता, म्हणाला, "माझ्यात तं काई निघालं नाई बावा."

ती म्हणाली, "मी बरोबरच भरलं साहेब. पेपरचे गठ्ठे आणा, मी समोर भरून दाखवते." सा. म्हणाले, नंतर पाहू.

मला विचारलं, "मशीनमध्ये तर काही नाही ना रे?" मी म्हटलं, "नाही साहेब. मशीनमध्ये असतं तर सकाळीही दिसलं असतं."

केवढं तर्कशुद्ध वाटलं बोलताना.

२५ मार्च

संस्थेचे सचिव स्वतः आले. सोबत रामटेककडचे एक गुरुजी, धोतर-टोपी, हातात मुलांच्या नावांची वही. गुरुजी रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "माझा पोरगा पहिला आला, त्याचं नावच नाई." माझा पोरगा म्हणजे त्यांचा विद्यार्थी. सुनंदाबाई त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "गुरुजी, मी टाकलं होतं नाव." गुरुजींनी वही मिटून काखेत घातली.

ते गेल्यावर सा. माझ्याजवळ येऊन हळूच: "या लोकांचं असंच. शिकतात, पण कामाची सवय नाही ना घरात. दोष नाही देत मी." आणि माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवतो का ते.

मी हलवली. नाही म्हणजे, पूर्ण नाही. थोडीशी. हो म्हणता येईल आणि नाहीही म्हणता येईल अशी. सा. नी हो घेतलं.

२८ मार्च, शनिवार

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी दोनला सेंटर बंद झालं. मी धूळ काढायला थांबलो. झाकण उघडं होतं, मशीन चालू होतं. सहज म्हणून फ्लॉपी टाकून एक फाइल उतरवायला लावली, आणि ऐकलं. आवाज बसतो. हा. डि. चा सूर खाली येतो, फ्लॉपी थांबली की परत वर चढतो. सोळा दिवसांपूर्वी त्या बाईने सांगितलं होतं ते.

मीटर काढला. डब्यातून दोन जातीच्या तारा निघतात. लाल तार पाच व्होल्टची, ती बोर्डाला. पिवळी बारा व्होल्टची, ती मोटारींना. लालवर मीटर ठेवला, पाच म्हणजे पाच, काटा ढिम्म. पिवळीवर ठेवला. हा. डि. एकटी फिरताना साडेअकराच्या वर. फ्लॉपी सुरू केली, काटा घसरला. साडेदहा. दुसरी फ्लॉपी सुरू केली. दहाच्याही खाली. मोटार मंदावली की डिस्क भलतंच वाचते, भलतंच लिहिते.

डबा काढून उलटा केला. ६५ वॅटच्या खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. लालला सात अँपिअर. पिवळीला दोन, आणि पुढे 'कमाल'. माझ्या पंधरा शिल्लक वॅटपैकी पिवळीच्या वाट्याला एकही नाही. शिल्लक सगळी लालमध्ये, आणि लालमधलं पिवळीला जात नाही. वर आणखी हा डबा लक्ष ठेवतो ते फक्त लालवर. लाल ठीक तर सगळं ठीक. पिवळी मरते की जगते, त्याला घेणं ना देणं.

आयटीआय झाल्यावर चार वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी. एका ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळी वेटोळी, प्रत्येकाची ताकद वेगळी, हे अठराव्या वर्षी पाठ होतं. पण मधे घरांचे मीटर बसवायची कामं केली आणि तीच सवय लागली: सगळ्याची बेरीज करायची, पाटीवरच्या आकड्याशी ताडायची, झालं. बारीक अक्षर वाचायचीसुद्धा तसदी घेतली नाही. अक्कल गहाण टाकली होती.

आता समजलं प्र. च्या पाळीत काहीच का झालं नाही. तो फ्लॉपीवर उतरवतच नाही. पिवळीवर भार पडायचा तो फक्त सुनंदाबाईच्या वेळी, ती तासातासाला फ्लॉपी घालायची म्हणून. नियम पाळणारीच्या हातून यादी बिघडली. जितकी काळजी घेतली तितकी बिघडली. आणि कामचुकार स्वच्छ.

झाकण लावलं. सोमवारी सा. ना सांगायचं.

२९ मार्च

मंजूला समजावून सांगत होतो. एकूण पुरेसं आहे पण एका तारेत उरलंय आणि दुसरीत कमी पडतंय, वगैरे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "म्हंजे डब्यात पोळ्या उरल्या म्हून भाजी पुरते असं समजले तुमी?"

हो. अगदी तेच समजलो.

मग तिने विचारलं, "मंग त्या बाईचं काय?" म्हटलं, उद्या सांगतो सा. ना.

३० मार्च, सोमवार

सा. अमरावतीला गेले होते. नाही सांगितलं.

३१ मार्च

सा. होते. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा आत कोणीतरी बसलं होतं. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं. सा. म्हणाले, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही, पंख्यात तेल टाकायचं होतं."

पंख्यात तेल!

१ एप्रिल

सुनंदाबाईला आज कायमचा कागद मिळायचा होता. सा. नी बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ती केबिनमधून बाहेर आली, पेन्सिल, डबा, पाण्याची बाटली पिशवीत घातली. रडली वगैरे नाही. तिच्या फ्लॉप्या ओळीने लावून ठेवल्या, तारखेप्रमाणे. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, तुमाले तरी वाटते का मी चुका केल्या?"

मी म्हणालो, "नाही वाटत."

"मंग?"

मी म्हणालो, "पाहू." काय पाहू? बघण्यासारखं काय उरलं होतं? मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

४ एप्रिल

घरी बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा बनवला. ट्रान्सफॉर्मर जुन्या रेडिओतला. दोन्ही फ्लॉप्यांची पिवळी तार डब्यातून काढून त्याला जोडली. मशीनच्या मागे ठेवला. आता पिवळी फक्त हा. डि. साठी. मीटरवर पाहिलं, फ्लॉपी फिरो न फिरो, काटा जागेवर.

सा. नी विचारलं, हे काय? म्हटलं, "फिल्टर आहे साहेब. उन्हाळ्यासाठी."

मशीन मी तीन तासांत दुरुस्त केलं. माणसाचं तसंच टांगलेलं. मला वाटलं होतं, आधी मशीन नीट करू, मग शांतपणे सांगू. असं खरंच वाटलं होतं का? की फक्त पुरावा नाहीसा केला? आज नक्की सांगता येत नाही.

१० एप्रिल

सहा दिवस एकही चूक नाही. दुपारच्या पाळीत नवा मुलगा, तोही फ्लॉपीवर उतरवतो. सगळं स्वच्छ. सा. नी मला, प्र. ला बोलावून सांगितलं, "पाहिलं? बाई गेली, चुका गेल्या. आता तरी शंका नाही ना कोणाला?"

शंका. मी दुरुस्त केलं आणि तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. मी काहीच केलं नसतं तर नव्या मुलाच्या वेळीही चुका निघाल्या असत्या, आणि ती सुटली असती! गप्प बसलो ते एक पाप, आणि दुरुस्त केलं ते दुसरं. हात धुवायला गेलो आणि तिच्या तोंडाला काळं लावून आलो.

मंजू दोन दिवस धड बोलत नाहीये. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर म्हणाली, "साहेबाले सांगा."

१४ एप्रिल, मंगळवार

सुटी. जरीपटक्याच्या पलीकडे सुनंदाबाईच्या घरी गेलो. ठरवून गेलो, आज सांगायचंच. विसरलोच होतो की आज जयंती. गल्लीत निळ्या पताका, माणसांचा पूर. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. सायकल हातात धरून वाट काढावी लागली.

तिचे वडील मिलमधून रिटायर. मला पाहून एवढे खूश झाले की विचारू नका. "सुनंदाच्या हापिसातले साहेब आले!" म्हणून शेजाऱ्यांना हाका मारल्या. म्हटलं, मी साहेब नाही हो. कोण ऐकतो. आईने खीर वाढली. एक वाटी संपली, दुसरी.

तेव्हा लक्षात आलं, तिने घरी सांगितलेलंच नाही. वडील म्हणाले, "आता कायम झाली ना पोरगी. तुमच्यासारखे लोक होते म्हून." ती मागे दाराशी उभी होती. माझ्याकडे पाहून मान किंचित नाही अशी हलवली. सांगू नका.

मी खीर खाल्ली आणि परत आलो. तिच्या घरचं गोड खाऊन आलो मी. लाज वाटते लिहायलाही.

१८ एप्रिल

ती सेंटरमध्ये आली होती. दोन वर्षांच्या कामाची चिठ्ठी मागायला. त्याशिवाय दुसरीकडे कोणी उभं करत नाही. सा. म्हणाले, देईन, पण त्यात चुकांचं लिहावं लागेल. ती म्हणाली, मंग राहू द्या.

मी मागोमाग उतरलो. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी गाठलं आणि सांगून टाकलं. सगळं. डबा, लाल, पिवळी, ५ मार्चचं गणित, २८ तारखेचा मीटर, तो फिल्टर. एका दमात. चहा तसाच.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर चार लोकांत शिव्या देईल. चालल्या असत्या शिव्या.

म्हणाली, "म्हंजे अठ्ठावीसले तुमाले समजलं. आणि एक तारखेले तुमी मले 'पाहू' म्हटलं."

हो.

"जयंतीच्या दिवशी हेच सांगाले आले होते?"

हो.

"आणि खीर खाऊन गेले."

टपरीवाला दोनदा पाहून गेला. "मी रोज घरून डबा घेऊन निघते भाऊ, दहाले. कायम झाली म्हून पाळी बदलली, असं सांगतलं घरी. बाबाले वाटते हापिसात चालली. वाचनालयात बसते. पाचले वापस येते. सतरा दिवस झाले."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले माहीत होतं मी नाई चुकली म्हून. ते मले सांगून काय फायदा? ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

२० एप्रिल, सोमवार

सांगितलं.

तार जुन्यासारखी जोडून, मीटर लावून सा. ना दाखवलं. फ्लॉपी टाकली, काटा खाली. काढली, वर. तीनदा. सा. पाहत राहिले. मग झाकण लावायला सांगितलं आणि केबिनचं दार ओढून घेतलं.

"तू सांगितलंस, बरं केलंस. आता हे इथेच ठेव."

म्हणजे?

"संस्थेला मी लेखी दिलंय, ऑपरेटरचा हलगर्जीपणा, ऑपरेटरला काढलं. आता मशीनच वाईट होतं म्हणून सांगू? उद्या कोण देईल काम? तू, मी, प्रकाश, सगळे घरी."

मी म्हटलं, सुनंदाबाईंचं काय? सा. म्हणाले, "तिला मिळेल कुठेही. त्यांच्यासाठी जागा असतात आता." मी म्हटलं, "साहेब, तसं बोलू नका." एवढं बोललो. महिनाभर उशिरा, पण बोललो. सा. ना राग नाही आला, ते हसले. पाणी दिलं मला. म्हणाले, जूनमध्ये पुण्याला महिनाभराचं ट्रेनिंग आहे, तुझं नाव टाकतोय, परत आलास की मेंटेनन्सचा इन्चार्ज.

मी "बरं साहेब" म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. नोकरीची सवय.

२१ एप्रिल

मंजूला ट्रेनिंगचं सांगितलं. तिने विचारलं, "कायच्या बदल्यात?"

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२२ एप्रिल

वाचनालयात जाऊन सुनंदाबाईला भेटलो. सा. काय म्हणाले ते सांगितलं, ट्रेनिंगसकट. काहीच लपवलं नाही. म्हटलं, उद्या संस्थेत जातो, सचिवांना भेटतो, तुम्हीही चला.

"मी नाई येत," म्हणाली.

काहून?

"मी समोर असली तं तुमी माह्यासाठी बोलून राहिले असं होईन. बिचारी बाई, म्हून उपकार. मले नाई पाहिजे. तुमचं गणित चुकलं, ते तुमचं तुमी सांगा."

पुढ्यात वर्तमानपत्र होतं, नोकरीच्या जाहिरातीचं पान. दोन जाहिरातींभोवती पेन्सिलने गोल. दोन्हीत अनुभवाची चिठ्ठी मागितलेली.

निघताना म्हणाली, "आणि भाऊ, उद्या म्हंजे उद्याच जाजा."

२३ एप्रिल, गुरुवार. रामदासपेठ, सकाळी साडेदहा

संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितोय. पिशवीत मीटर आहे, डब्यावरची पाटी कागदावर उतरवून आणलीय, बारीक अक्षरासकट. सा. ना सुटीचा अर्ज दिला नाही. मंजूने सकाळी गरम पोळ्या बांधून दिल्या, बऱ्याच दिवसांनी.

शिपायाने विचारलं, काम काय सांगू? म्हटलं, शिष्यवृत्तीच्या यादीबद्दल. "ते बाईवालं? ते तं मिटलं ना जी."

नाही मिटलं, म्हटलं.

तो आत जाऊन आला. थांबा, आत एक जण बसले आहेत.

व्हरांड्यातून खाली अंगण दिसतं. कडुलिंबाच्या सावलीत सा. ची स्कूटर उभी आहे. नंबर दोनदा वाचला. त्यांचीच. कशाला आले असतील? पुढच्या परीक्षेचं काम मागायला? की मी येईन हे ओळखलं? दार बंद आहे. आतून हसण्याचा आवाज येतो.

म्हणजे सचिवांपुढे सांगायचं ते सा. च्या तोंडावर सांगायचं. मग पुणे नाही, इन्चार्ज नाही, बहुतेक सदरचं सेंटरही नाही. मंजूला एवढं सांगितलं नव्हतं.

जिना दहा पावलांवर आहे. आत्ता उठून गेलो तर मी आलो होतो हे शिपायाशिवाय कोणाला कळणार नाही, आणि त्याने माझं नाव विचारलेलं नाही.

अकराला पाच कमी. सुनंदाबाई आत्ता वाचनालयात असेल, डबा घेऊन.

शिपायाला परत बोलावलं. माझं नाव कागदावर लिहून आत पाठवलं. पूर्ण नाव, आणि खाली: हार्ड डिस्क मी बसवली.

आतलं हसणं थांबलं. दार अजून उघडलेलं नाही. बसलो आहे.